ऐंशीची वेसण

मालमोटारींच्या वेगाविषयीची माझी मते ग्रंथ वाचून बनलेली नाहीत. २००३ सालच्या पावसाळ्यात पुणे-सातारा रस्त्यावर एका उतारावरून भरधाव आलेल्या मालमोटारीने माझे थोरले बंधू अण्णा यांच्या स्कूटरीस मागून धडक दिली. ते जागच्या जागी गेले. घरी वहिनी आणि शिकणारी दोन मुले. चालक पळाला, पुढे सापडला, खटला बरीच वर्षे रेंगाळला. त्याचे काय झाले हे सांगत बसण्यात आता अर्थ उरलेला नाही. त्या दिवसापासून मात्र रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक मालमोटारीकडे मी न्यायाधीशाच्या नजरेने पाहू लागलो, आणि तोही निकाल आधीच लिहून ठेवलेल्या न्यायाधीशाच्या.

मला एकच उपाय दिसे. ज्या माणसास स्वतःचा पाय आवरत नाही, त्याच्या यंत्रालाच वेसण घालावी. या विषयावर मी वृत्तपत्रांस पत्रे लिहिली, ओळखीच्या एका वकिलांकडून निवेदनाचा मसुदा करून घेतला, त्यावर सह्या गोळा करीत फिरलो. म्हणून १५ एप्रिल २०१५ रोजी केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांतील ११८ वा नियम दुरुस्त करून, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून तयार होणाऱ्या बहुतेक व्यापारी वाहनांस वेगनियामक सक्तीचा केला, तेव्हा मला झालेला आनंद वैयक्तिक होता. सामान्य मालमोटारीस ताशी ८० किलोमीटर. टँकर, डंपर, धोकादायक माल वाहणारी वाहने आणि शाळांच्या बसगाड्या यांस ६०. ते वृत्त मी वहिनींस दूरध्वनीवरून वाचून दाखविले. त्या ‘बरं झालं’ एवढेच म्हणाल्या.

वेगनियामक म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. ठरवून दिलेला वेग गाठला की हे यंत्र इंजिनास मिळणारे इंधन रोखते. चालकाने पाय कितीही दाबला तरी गाडी त्यापुढे धावत नाही. चालक त्याला ‘गव्हर्नर’ म्हणतात, कोणी नुसते ‘लॉक’ म्हणतात. त्याच्या बाजूचे गणित सरळ आहे. धावत्या वस्तूतील शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ८० ऐवजी १०० ने जाणारी मालमोटार थांबविताना ब्रेकांस जी शक्ती जिरवावी लागते, ती दीडपटीहून अधिक असते. पंचवीस-तीस टन वजनाच्या गाडीच्या बाबतीत ही दीडपट म्हणजे काय, हे आमच्या घराने पाहिले आहे. हे गणित मी आजही खोटे मानीत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत साताऱ्यास अण्णांच्या नातवाची मुंज होती. मंडळी आदल्या दिवशीच पुढे गेली होती. मी मागाहून भाड्याच्या मोटारीने निघालो, तो शिरवळच्या अलीकडे मोटार बंद पडली. कारागीर येण्यास रात्र होईल असे कळले. ग्रहमकाच्या वेळी मी तेथे हवाच होतो. एका ढाब्याशी उभा राहून मी बसची वाट पाहत होतो, तेव्हा चहा पिऊन उठलेल्या एका इसमाने विचारले, “कुठं जायचंय, काका?” वय चाळिशीच्या आतबाहेर, गळ्यात उपरणे, डोळे तांबारलेले. त्याची बंदिस्त पेटाऱ्याची मोठी मालमोटार समोर उभी होती. ज्या वाहनाच्या नावाने मी बावीस वर्षे बोटे मोडली, त्याच्या पायऱ्या चढून मी आत बसलो. गरज ही चमत्कारिक वस्तू आहे.

गाडी चालू झाल्यावर प्रथम जाणवले ते हे, की माणूस तेथे फार उंचावर बसतो आणि म्हणून वेग मुळीच जाणवत नाही. खालची मोटार खेळण्यासारखी वाटते. दुसरे म्हणजे इंजिनाची धग. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मालमोटारींच्या केबिनी वातानुकूलित असल्या पाहिजेत असा नियम झाला आहे. ही गाडी त्याआधीची होती. गृहस्थ माण तालुक्यातला. मी शाळेत शिक्षक होतो हे कळल्यावर त्याने ‘काका’ सोडून ‘गुरुजी’ धरले. बोलता बोलता मी वेगनियामकाचा विषय काढला. निवेदनाचा उल्लेख अर्थात केला नाही.

“हाय की. ऐंशीला लॉक हाय,” तो म्हणाला. “काढून देणारे बी लई हायत. पासिंगपुरता बसवायचा, सर्टिफिकेट घ्यायचं, बाहेर आलं की वायर सोडायची. आमच्या गाडीत मात्र चालू हाय. मालकाला डिझेल वाचतंय ना.”

“मग तुमची तक्रार कसली?”

त्याने लगेच उत्तर दिले नाही. पुढे एक मालमोटार चालली होती, आमच्याहून किंचित हळू. त्याने उजवीकडे घेतले आणि मला म्हणाला, “आता बघा.” आम्ही तिच्या बरोबरीस आलो आणि तेथेच राहिलो. तिचे लॉकही ऐंशीच्या आसपासचे असावे. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी चालल्या होत्या, जणू काय वरातीतील दोन हत्ती. मागे मोटारींची रांग लागली, भोंगे सुरू झाले, एका तरुणाने डाव्या अंगाने, मातीवरून, गाडी पुढे काढली. माझ्या अंगावर काटा आला.

घरी आल्यावर मी हा हिशेब कागदावर मांडला. वेगात ताशी २ किलोमीटरचा फरक म्हणजे मिनिटास सुमारे ३३ मीटर. दोन गाड्यांची लांबी आणि पुढेमागे राखावयाचे अंतर मिळून १०० मीटर धरले, तर एक दुसरीस ओलांडण्यास तीन मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात दोघी मिळून चार किलोमीटर रस्ता अडवून ठेवतात. जर्मनीत या प्रकारास ‘हत्तींची शर्यत’ असेच नाव आहे हे पुढे वाचनात आले, तेव्हा मला माझी उपमा आठवून हसू आले. युरोपात १९९२ च्या निर्देशाने बारा टनांवरील मालमोटारींस ताशी ९० ची मर्यादा घातली गेली आणि पुढे ती साडेतीन टनांवरील गाड्यांपर्यंत खाली आणली. तेव्हा हत्ती तेथेही आहेतच. आपल्याकडे गोष्ट अधिक बिकट आहे, कारण २०१८ साली द्रुतगती मार्गांवर मोटारींची कमाल मर्यादा १२० झाली आणि मालमोटारींची ८० च राहिली. एकाच रस्त्यावर चाळिसाचे अंतर. चालकांचे म्हणणे असे, की रस्त्यावर धोका वेगात जितका आहे तितकाच वेगांतील तफावतीतही आहे.

वाचनाकडे वळलोच आहे तर तेही येथेच सांगून टाकतो. त्या प्रवासानंतर या विषयावर जे हाती लागले ते मी वाचले. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने २००९ पासून अवजड मालमोटारींचा वेग ताशी १०५ वर बांधला. एका चालकाने त्यास न्यायालयात आव्हान दिले. त्याचे म्हणणे असे, की संकटातून निसटण्यासाठी कधी कधी वेग वाढवावा लागतो आणि सरकारने माझा तो मार्ग बंद केला आहे. २०१५ साली प्रांताच्या अपील न्यायालयाने निकाल दिला तो मोठा विचार करावयास लावणारा आहे. कायदा न्यायालयाने कायम केला. परंतु काही प्रसंगी या यंत्रामुळे चालकाच्या जिवास धोका पोचू शकतो आणि तेवढ्यापुरता त्याच्या सुरक्षिततेच्या हक्कास बाध येतो, हे मान्य करून कायम केला. बहुतांच्या हितासाठी हा बाध समर्थनीय आहे, असा त्याचा आशय. ‘तुझे म्हणणे खोटे आहे’ असे त्या चालकास कोणी सांगितले नाही. माझ्या निवेदनात हे औदार्य नव्हते.

अमेरिकेची कथा मला अधिक जवळची वाटली. तेथे २००२ साली एका तरुणाचा मालमोटारीच्या धडकेने अंत झाला. त्याच्या पित्याने ‘रोडसेफ अमेरिका’ ही संस्था काढली आणि २००६ साली सरकारकडे वेगनियामकाची मागणी केली. तशीच मागणी त्याच वर्षी मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या संघानेही केली. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, सरकारने मसुदा काढला. ताशी ६०, ६५ की ६८ मैल, एवढेच ठरावयाचे होते. ते कधीच ठरले नाही, आणि जुलै २०२५ मध्ये मसुदा मागे घेण्यात आला. विरोध केला तो मुख्यतः स्वतःची एकदुसरी गाडी स्वतः हाकणाऱ्या चालकांनी. त्या पित्याविषयी मला काय वाटले ते लिहून दाखविण्याजोगे नाही. परंतु त्याच्या बाजूस बड्या कंपन्या कशा उभ्या राहिल्या, हा प्रश्न मला पडला. उत्तर असे, की त्यांतील पुष्कळांनी आपल्या गाड्यांस ही यंत्रे आधीच बसविली होती. इंधन वाचत होते. सर्वांनाच बसवावी लागली तर मोकळ्या वेगाने धावणाऱ्या लहान गाडीवाल्यांची चढाओढही आपोआप संपते. आणि तिकडचा चालक बहुधा मैलांच्या हिशेबाने पैसे मिळवितो. वेग उतरला की त्याच दिवसाची मिळकत उतरते. ती भरून काढावयाची तर तास वाढवावे लागतात.

पण मी पुढचे आधी सांगत बसलो. आमची गाडी खंबाटकीचा घाट चढत होती.

घाटात ऐंशीचा प्रश्नच नव्हता. इंजिन कण्हत होते आणि वेग वीस-पंचवीसवर आला होता. तेवढ्यात त्याचा दूरध्वनी वाजू लागला. त्याने घेतला नाही. थांबून पुन्हा वाजला. पुन्हा थांबून तिसऱ्यांदा. वळणावर समोरची गाडी अगदी जवळ होती आणि त्याचे दोन्ही हात चाकावर. शेवटी त्याने मानेने खूण केली, “गुरुजी, तुम्हीच सांगा त्यास्नी, घाटात हाय म्हणून.”

मी दूरध्वनी कानास लावला. पलीकडून एका तरुण मुलाचा अत्यंत सभ्य आवाज आला. गाडी शिरवळला पंचवीस मिनिटे का थांबली होती, असे त्याने विचारले. मी म्हणालो, “चालक चहा घेत होते. गाडी आता घाटात आहे.” तो म्हणाला, “सर, इथं स्क्रीनवर गाडी लाल दाखवतीये. साताऱ्याच्या पुढं कव्हर करा म्हणावं.” मग त्याच्या ध्यानात आले असावे. “सर, पण आपण कोण?”

मी कोण, हा प्रश्न मोठा मार्मिक होता. गाडीत माल कसला आहे, हे मी शिरवळलाच विचारून घेतले होते. लोकांनी घरबसल्या मागविलेल्या वस्तूंची खोकी. पहाटेच्या आत पुढच्या गुदामात पोचलीच पाहिजेत, नाहीतर भाड्यातून दंड कापला जातो. माझ्या पायाशी पिशवीत मुंजीच्या आहेराची पळीपंचपात्री होती. तीही मी अशीच मागविली होती. दोन दिवसांचा वायदा असता एक दिवस उशिरा आली म्हणून मी त्या कंपनीस चांगले खरमरीत पत्र पाठविले होते. शुद्धलेखनासह.

“मी प्रवासी आहे,” एवढे सांगून मी दूरध्वनी बंद केला.

माथ्यावर पोचल्यावर तो मोकळेपणाने बोलू लागला. “गुरुजी, लॉक इंजिनाला हाय. त्या पोराच्या घड्याळाला कुठं हाय? आधी आठ तासांची वाट होती, लॉक बसवल्यावर तीच नऊ तासांची झाली. पण पोचायची येळ तीच. मग ते तास कुठनं काढायचे? झोपेतनंच की.” त्या आठवड्यात आपण सलग किती झोपलो याचा त्याने बोटे मोडून हिशेब करून पाहिला आणि मध्येच सोडून दिला. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाची मर्यादा सर्वसाधारणपणे दिवसास आठ तास ठरविली होती. तो कायदा त्याला ठाऊक नव्हता. खरे सांगावयाचे तर, निवेदनाच्या सह्या गोळा करीत फिरणाऱ्या मलाही त्या दिवशी ठाऊक नव्हता. इंजिनास बसविलेले यंत्र पासिंगच्या वेळी तपासले जाते. तांबारलेले डोळे तपासण्याची तरतूद कोठे पाहिल्याचे मला स्मरत नाही.

मी विचारले, “मग हे यंत्र काढून टाकावे असे तुम्हांस वाटते?”

तो हसला. “तसं न्हाई म्हणत मी. नव्या पोरांच्या गाड्यांना पायजेच. आणि खरं सांगू का? मालक ओरडला की सांगता येतंय, लॉक हाय, पळत न्हाई. पूर्वी तेवढं बी सांगता येत न्हवतं.” ज्या गोष्टीवर मी त्याची तक्रार ऐकावयास बसलो होतो, तीच त्याच्या हातची एक ढालही होती. त्याच्या मते ऐंशीऐवजी नव्वद असते तर पुष्कळ भांडण मिटले असते. हे त्याचे मत. मला ते पटले असे मी म्हणत नाही.

मग आम्ही वेळ्याच्या बाजूस उतरू लागलो. मी नकळत समोरची दांडी घट्ट धरली. त्याने गिअर खाली घेतला आणि गाडी इंजिनाच्या जोरावर रोखीत सावकाश उतरवू लागला. इंजिनाचा आवाज बदलला. उतारावर हा लॉक काय करतो, असे मी विचारले.

“काय बी न्हाई.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. त्याने समजावून सांगितले ते असे. यंत्र डिझेल रोखते. उतारावर गाडीस ओढते ते डिझेल नव्हे, तिचे स्वतःचेच वजन. तेथे ऐंशीची वेसण हाती असूनही बैल मोकळाच असतो. त्यात पुष्कळ चालक उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रलला सोडतात. का, तर खेपेचे डिझेल मोजून मिळते, आणि वाचेल ते चालकाचे. इंजिनाचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकांवर येतो, ते तापतात, आणि एका क्षणी लागेनासे होतात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुण्याच्या नवले पुलापर्यंतचा लांब उतार त्याने नाव घेऊन सांगितला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एका मालमोटारीने कित्येक मोटारी चिरडल्या होत्या. आमच्या या संभाषणानंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्याच पुलाशी पुन्हा तसाच भीषण अपघात होऊन माणसे होरपळून गेली. वृत्तपत्र हातात घेऊन मी बराच वेळ बसून होतो.

अण्णांना धडक बसली तो उतार होता. ही गोष्ट मी बावीस वर्षे जाणत होतो. निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘उतारावरून भरधाव आलेल्या’ असे शब्द मी स्वतः घातले होते. आणि ज्या यंत्रासाठी मी सह्या गोळा केल्या, ते त्या दिवशी त्या गाडीत असते तरी तेथे काही करू शकले नसते. यंत्र निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. सपाट रस्त्यावर त्याने कोणाचा ना कोणाचा भाऊ वाचविलाही असेल. पण माझा नव्हे. त्या केबिनीत, ढाब्यावरच्या चहाचा वास अजून येत असताना, हे मला प्रथमच कळले. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. सुरूर, भुईंज, पाचवड अशी गावे मागे गेली.

साताऱ्याच्या फाट्यावर त्याने मला उतरविले. मी पैसे पुढे केले तर त्याने हात जोडले. मी पिशवी घेऊन खाली उतरलो तोच त्याचा दूरध्वनी पुन्हा वाजू लागला.

घरी पोचलो तेव्हा सनईवाले उद्याची तालीम करीत होते आणि अंगणात मांडव सजत होता. उशीर का झाला हे सर्वांस सांगता सांगता रात्र झाली. सगळे पांगल्यावर वहिनी माझ्यासाठी ताट घेऊन बसल्या. मालमोटारीतून आलो हे मी त्यांस सांगावे की न सांगावे अशा विचारात होतो, शेवटी सांगितले. घाट, लॉक, दूरध्वनी, आणि उताराची गोष्टही. ती सांगताना माझा स्वर थोडा बिघडला असावा. त्या वाढता वाढता थांबल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, “जेवला होता का हो तो?”

मी ते विचारले नव्हते.